प्रस्तावना : वायुनौकेचा दुसरा डाव

एखादे वाहन जगाच्या व्यवहारातून बाद होते ते सामान्यतः त्याहून वेगवान, स्वस्त किंवा सोयीचे दुसरे वाहन पुढे आल्यामुळे. पालख्या-मेण्यांचा काळ आगगाडीने संपवला, कोकण किनाऱ्यावरील शिडाच्या गलबतांची सद्दी आगबोटींनी मोडली; आणि ही स्थित्यंतरे इतक्या संथपणे घडली की जुन्या वाहनाचा अखेरचा दिवस नेमका कोणता हे कोणालाच सांगता येऊ नये. प्रवासी वायुनौकेचा अखेरचा दिवस मात्र तारखेनिशी सांगता येतो. ६ मे १९३७ रोजी सायंकाळी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात लेकहर्स्ट येथे ‘हिंडेनबर्ग’ ही जर्मन वायुनौका उतरण्याच्या बेतात असताना तिने पेट घेतला, सुमारे ३४ सेकंदांत तिचा धातूचा सांगाडा तेवढा उरला, आणि एका नेहमीच्या आगमनाचे चित्रण करण्यासाठी जमलेल्या वृत्तपटवाल्यांच्या कॅमेऱ्यांत जे उतरले ते जगभरच्या चित्रपटगृहांतून लोकांनी पाहिले. त्या नौकेवरील ९७ जणांपैकी ६२ जण वाचले ही गोष्ट त्या चित्रांत दिसत नाही, आणि पुढे कोणी फारशी सांगितलीही नाही.

अशा रीतीने एका फैसल्यात निकालात निघालेले हे वाहन गेल्या तीसेक वर्षांत पुन्हा दाद मागू लागले आहे. जर्मनीत ते प्रवाशांना घेऊन प्रत्यक्ष उडत आहे, इंग्लंडात ते उडून पडले आणि पुन्हा उठण्याच्या खटपटीत आहे, कॅलिफोर्नियात एका धनाढ्याच्या आश्रयाने ते वाढीस लागले आहे, आणि चीनमध्ये त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळाले आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हाच. या विषयावरील बहुतेक लेखन एक तर आगीच्या भयाने भारलेले असते, नाही तर गतवैभवाच्या मोहाने. ग्रंथकर्त्याने दोन्ही टाळली आहेत हे पाहून मी ही प्रस्तावना लिहिण्याचे कबूल केले. माझा स्वतःचा समज असा आहे की वायुनौकेचा प्रश्न आकाशातला फार थोडा आणि जमिनीवरचा फार मोठा आहे. ती ठेवायची कोठे, बांधायची कशाला, तिच्यात भरायचा वायू आणायचा कोठून, आणि या सगळ्याचा जमाखर्च जुळवायचा कोणी, या चार खात्यांत तिचे दैव आजवर ठरत आले आणि यापुढेही ठरणार आहे.

आरंभीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन या निवृत्त सेनाधिकाऱ्याने आपली पहिली वायुनौका २ जुलै १९०० रोजी बोडन सरोवरावर उडवली तेव्हा त्याचे वय साठीच्या पुढे गेलेले होते आणि घरचा पैसा संपत आलेला होता. ५ ऑगस्ट १९०८ रोजी त्याची चौथी नौका एश्टरडिंगेन येथे जमिनीवर बांधलेली असताना वादळाने सुटली आणि जळून गेली. ही बातमी पसरताच जर्मन जनतेने वर्गणी काढून साठ लक्षांहून अधिक मार्क काउंटच्या स्वाधीन केले. त्या रकमेतून एक न्यास स्थापन झाला, आणि त्याच्या घटनेत अशी तजवीज करून ठेवण्यात आली की पुढेमागे वायुनौकांचे कार्य चालवणे अशक्य झाल्यास न्यासाची मालमत्ता फ्रीड्रिक्सहाफेन नगराकडे धर्मादाय कामासाठी जावी. या कलमाकडे वाचकाने लक्ष ठेवावे. नव्वद वर्षांनंतर त्यानेच या वाहनाचे पुनरुज्जीवन केले. १९०९ मध्ये ‘डेलाग’ नावाची जगातील पहिली हवाई वाहतूक कंपनी निघाली, आणि पहिल्या महायुद्धाला तोंड लागेपर्यंत तिने एकाही प्रवाशाच्या अंगाला इजा न होऊ देता हजारो लोकांना हवेत फिरवून आणले.

‘ग्राफ झेपेलिन’ या नौकेची कीर्ती याहून मोठी. ती १९२८ मध्ये बांधली गेली, १९२९ मध्ये लेकहर्स्टहून लेकहर्स्टपर्यंत एकवीस दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, आणि पुढे ब्राझीलपर्यंत नियमित फेऱ्या करू लागली. तिच्या रचनेतील एक युक्ती सांगण्यासारखी आहे. वायुनौकेची इंजिने इंधन जाळतात तसतशी नौका हलकी होत जाते, आणि ती वर वर जाऊ नये म्हणून मौल्यवान हायड्रोजन बाहेर सोडावा लागतो. ‘ग्राफ झेपेलिन’च्या इंजिनांसाठी म्हणून ‘ब्लाऊ गॅस’ नावाचे एक वायुरूप इंधन वापरले गेले, ज्याचे वजन जवळजवळ हवेइतकेच असल्याने ते जळून गेले तरी नौकेच्या भारात फरक पडत नसे. तिचा कप्तान डॉ. ह्यूगो एकेनर हा मूळचा पत्रकार, आणि आरंभी झेपेलिनच्या प्रयोगांवर टीका करणारा. दोन शब्द अधिक बोलायचे तर, हवामान चांगले नसेल तर राजाज्ञा आली तरी निघायचे नाही, हा त्याचा हेकाच त्या नौकेची खरी सुरक्षिततेची सनद होता.

ही सनद ज्यांच्यापाशी नव्हती त्यांची कथा आपल्या अधिक जवळची आहे. १९२४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे पहिले सरकार आले तेव्हा त्याने साम्राज्याच्या दूरच्या प्रांतांना वायुनौकांनी जोडण्याची योजना हाती घेतली. त्या सरकारचे हवाईखात्याचे मंत्री क्रिस्टोफर थॉमसन यांचा जन्म १८७५ चा, आपल्या नाशिकचा. हिंदुस्थानच्या मार्गासाठी इजिप्तमध्ये इस्माइलिया येथे नौका बांधण्याचा मनोरा उभारला गेला, आणि कराचीस, जी त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे, एक अवाढव्य शेड बांधण्यात आली. आर-१०० ही नौका खासगी कंपनीकडे आणि आर-१०१ ही सरकारी कारखान्याकडे, अशी कामाची वाटणी झाली. उष्ण प्रदेशात पेट्रोल जवळ बाळगणे धोक्याचे, या समजुतीने आर-१०१ ला जड डिझेल इंजिने बसवली. त्यामुळे ती इतकी भारी झाली की तिला मधोमध कापून वायूची आणखी एक पिशवी घालून लांबवावी लागली. या पिशव्यांना अस्तर लावले होते ते बैलांच्या आतड्यांच्या पातळ पडद्यांचे, लक्षावधी गुरांच्या पोटातून काढून एकमेकांना चिकटवलेल्या. हिंदुस्थानची ही सेवा खरोखर सुरू झाली असती तर मुंबईच्या सनातनी मंडळींनी त्या नौकेत पाऊल ठेवावे की नाही यावर केवढा वाद माजला असता याची कल्पनाच केलेली बरी.

लंडनमध्ये १९३० च्या ऑक्टोबरात साम्राज्य परिषद भरत होती, आणि ती संपण्यापूर्वी हिंदुस्थानला जाऊन परत यावे असे थॉमसन यांच्या मनात होते. म्हणून लांबवलेल्या नौकेची पूर्ण वेगाने परीक्षा झालेली नसतानाही, अवघ्या सोळा-सतरा तासांच्या एका चाचणीवर भिस्त ठेवून, निघण्याच्या तोंडावर तिला उड्डाणयोग्यतेचा तात्पुरता दाखला देण्यात आला. ४ ऑक्टोबरच्या सायंकाळी, हवा बिघडत असता, ती इंग्लंडातील कार्डिंग्टनहून सुटली. मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ती एका टेकाडाला टेकली आणि पेटली. तिच्यावरील ५४ जणांपैकी थॉमसन यांच्यासह ४८ जण दगावले. या अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायालयाचे अध्यक्ष कोण होते, तर सर जॉन सायमन. दोनच वर्षांपूर्वी ज्यांच्या कमिशनाविरुद्ध आपल्याकडे काळी निशाणे फडकली तेच. आर-१०० ही नौका त्याच उन्हाळ्यात कॅनडाला जाऊन सुखरूप परतली होती; पण दुसरीच्या पापाचे प्रायश्चित्त तिला मिळाले आणि ती मोडून भंगारात विकली गेली. कराचीची शेड मात्र उभीच राहिली. तिच्यात एकही वायुनौका कधी शिरली नाही. विमाने उतरवणारे वैमानिक दुरून ओळखीची खूण म्हणून तिचा उपयोग करीत, लोक तिला काळा छप्रा म्हणत, आणि १९६० नंतर केव्हातरी पाकिस्तान सरकारने ती पाडून टाकली.

‘हिंडेनबर्ग’चा वृत्तान्त सर्वश्रुत असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही. एवढेच नमूद करतो की तिची आखणी हेलियम या न पेटणाऱ्या वायूसाठी झालेली होती. परंतु त्या काळी हेलियमचा साठा जवळजवळ सर्वस्वी अमेरिकेच्या हाती होता, आणि तेथील कायद्याने तो परदेशी देण्यास मनाई होती. हायड्रोजन भरल्यावर उचलण्याची शक्ती थोडी वाढली, तेव्हा जर्मनांनी त्या शिलकीत प्रवाशांच्या आणखी खोल्या बसवून घेतल्या. व्यवहारी माणसाचा हा हिशेब किती स्वाभाविक, आणि किती भयानक! तरीही हेलियम म्हणजे अभयदान असे समजणे चूक होईल. मृतांच्या संख्येने वायुनौकांचा सर्वांत मोठा अपघात ‘हिंडेनबर्ग’चा नाही, तो अमेरिकन नौदलाच्या ‘ॲक्रन’चा आहे. १९३३ मध्ये ती वादळात सापडून अटलांटिकमध्ये कोसळली आणि ७३ माणसे दगावली. तिच्यात हेलियमच भरलेला होता. आग लागलीच नाही, बहुतेक माणसे थंड पाण्यात बुडून मेली.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर मराठी वाचकाच्या मनातील एक गोड समजूत येथे तपासून घेतो. विजयदुर्गाच्या तटावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे चौथरे दाखवतात त्यांच्यावरून नॉर्मन लॉकियर याने १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की त्या वर्षीच्या १८ ऑगस्टला जान्सेन हा फ्रेंच ज्योतिषी गुंटूर येथून सूर्य पाहत होता, आणि लॉकियरने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडातच बसून सूर्यप्रकाशातील ती अनोळखी पिवळी रेषा अभ्यासली. लॉकियर विजयदुर्गास आला तो पुढे तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि त्याच्या मदतीस ब्रिटिश नौदलाची एक नौका व तिच्यावरचे खलाशी होते. किल्ल्याचा मान याने काही कमी होत नाही. ज्या वायूवर आजच्या सर्व प्रवासी वायुनौका तरंगतात तो पृथ्वीवर रॅम्से या रसायनशास्त्रज्ञाला १८९५ मध्ये सापडला, आणि आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूच्या विहिरींतून अमेरिका, कतार अशा मोजक्या देशांतच निघतो. तो महाग आहे, इस्पितळांतील एमआरआय यंत्रांनाही तोच लागतो, आणि एकदा वातावरणात सुटला की कायमचा गेला.

या वायूचे बळ किती याची कल्पना देणारा आकडा अगदी साधा आहे: एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो वजन उचलतो. म्हणजे शंभर माणसे, त्यांचे सामान, इंजिने, इंधन आणि नौकेचे स्वतःचे अंग उचलायचे तर हजारो घनमीटरांचे पोट हवे. आणि एवढे मोठे पोट म्हणजे वाऱ्याला तेवढीच मोठी भिंत. उंचावर हवा विरळ झाली की आतला वायू फुगतो, म्हणून खालीच ते पोट काही अंशी रिकामे ठेवावे लागते. उन्हाळ्यात भोवतालची हवाच हलकी होऊन बळ घटते. सर्वांत अवघड गोष्ट उतरण्याची. चाळीस टनांचा माल एखाद्या ठिकाणी उतरवला तर नौका त्याच क्षणी चाळीस टनांनी हलकी होते, आणि तेवढे पाणी किंवा वाळू तेथे तयार नसेल तर तिला धरून ठेवणे कोणाच्या बापाचे काम नाही.

नव्या पिढीतील जी एक नौका खऱ्या अर्थाने यशस्वी झाली तिने हे सर्व प्रश्न सोडवले ते स्वतः लहान राहून. झेपेलिन न्यासाची मालमत्ता १९४७ मध्ये ठरल्याप्रमाणे फ्रीड्रिक्सहाफेन नगराकडे आली होती. त्या न्यासाच्या मालकीचा यंत्रांचे दातेरी चक्रपेटे बनवणारा कारखाना पुढे जगप्रसिद्ध मोटार-उद्योग झाला, आणि त्या उद्योगाच्या पैशावर ‘झेपेलिन एनटी’ ही नौका १८ सप्टेंबर १९९७ रोजी प्रथम उडाली. ती ७५ मीटर लांब आहे, ‘हिंडेनबर्ग’च्या एक तृतीयांशाहूनही लहान, पोटात ८,४२५ घनमीटर हेलियम, आणि प्रवासी जेमतेम चौदा. तिची तीन इंजिने कलती करता येतात, त्यामुळे शेकडो माणसांनी दोर ओढून जमिनीवर आणण्याची जुनी तऱ्हा तिला लागत नाही; एक मालमोटारीवरचा मनोरा आणि तीनचार माणसे पुरतात. तिच्यात चढण्याची रीत मात्र पाहण्यासारखी असते: जुने दोन प्रवासी उतरतात, मग नवे दोन चढतात, पुन्हा दोन उतरतात, दोन चढतात, कारण सगळे एकदम उतरले तर नौका वर झेप घेईल. २००१ पासून बोडन सरोवरावर हौसेने फिरणाऱ्यांना ती नेते, आणि तिकिटांच्या उत्पन्नावर ती बांधली गेली असती असे मात्र कोणी समजू नये. याच जातीची एक नौका कॅलिफोर्नियात एका कंपनीने २००८ मध्ये आणून प्रवाशांना फिरवली. चार वर्षांत ती कंपनी बंद पडली.

मोठे धाडस करणाऱ्यांची कथा निराळी. जर्मनीतच ‘कार्गोलिफ्टर’ नावाच्या कंपनीने १६० टन माल उचलणारी नौका बांधण्याचे ठरवले आणि सामान्य लोकांच्या भागभांडवलावर बर्लिनच्या दक्षिणेस ब्रान्ड येथे ३६० मीटर लांब आणि १०७ मीटर उंच शेड उभारली. नौका तयार होण्यापूर्वीच, २००२ मध्ये, कंपनीचे दिवाळे निघाले. शेड उत्तम बांधलेली होती. तिच्यात आता पामची झाडे, वाळूचा किनारा आणि कोमट पाण्याचे तलाव करून हिवाळ्याने कंटाळलेल्या जर्मनांसाठी विश्रामस्थान चालवले जाते. आधी शेड बांधायची आणि मग नौकेचा विचार करायचा, हा कराचीचाच कित्ता.

इंग्लंडातील ‘एअरलँडर’ हा अधिक विचारपूर्वक केलेला प्रयत्न आहे. तिला वायू अर्धेअधिक उचलतो आणि उरलेले वजन तिच्या चपट्या, पंखासारख्या अंगाला पुढे सरकताना मिळणाऱ्या उचलेने तोलले जाते. त्यामुळे ती हवेपेक्षा किंचित जड राहते आणि उतरल्यावर निसटून जात नाही. मुळात हे वाहन अमेरिकन सैन्याच्या टेहळणीसाठी बांधले होते. कोट्यवधी डॉलर खर्च झाल्यावर ती योजना रद्दबातल झाली, आणि मूळ इंग्रज कारागिरांनी ते सुमारे तीन लक्ष डॉलरांत परत विकत घेऊन कार्डिंग्टनच्या त्याच शेडमध्ये जोडले जेथून आर-१०१ निघाली होती. १७ ऑगस्ट २०१६ रोजी ते तेथून उडाले. आठवडाभरात दुसऱ्या उड्डाणाच्या शेवटी नाकावर आपटले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात मनोऱ्यापासून सुटले आणि ठरवून ठेवलेल्या व्यवस्थेप्रमाणे त्याचे पोट आपोआप फाटून ते जमिनीवर निवांत पडले. दोन्ही अपघात जमिनीशी गाठ पडतानाच झाले. आता त्या कारागिरांची कंपनी शंभर प्रवाशांच्या नौका बांधण्याच्या तयारीत आहे, आणि स्पेनमधील एका विमानकंपनीने त्यांतील काही आगाऊ राखूनही ठेवल्या आहेत. राखणे आणि खरेदी करणे यांतील अंतर जाणणाऱ्याने त्याला फार भुलू नये.

सर्गेई ब्रिन या धनाढ्याच्या पैशावर कॅलिफोर्नियात बांधलेली ‘पाथफाइंडर १’ ही १२४ मीटर लांबीची नौका २०२४ च्या ऑक्टोबरात मोकळ्या आकाशात उडाली. तिचा सांगाडा कार्बन तंतूच्या नळ्यांचा आणि टायटेनियमच्या सांध्यांचा असून वीजमोटारींनी ती चालते. आपद्ग्रस्त प्रदेशांत मदत पोचवणे हा तिचा जाहीर हेतू आहे. फ्रान्समधील ‘फ्लाइंग व्हेल्स’ ही कंपनी रस्ता नसलेल्या जंगलांतून लाकूड काढण्याच्या गरजेतून निघाली. चीनमधील एएस-७०० या दहा आसनी नौकेला २०२३ अखेर प्रमाणपत्र मिळाले, तिचेही काम सहलींचेच. थोडक्यात, प्रवासी वाहतुकीचे नाव घेऊन जमलेल्या या मंडळींपैकी बहुतेकांनी प्रत्यक्षात नियमित प्रवासी वाहतूक सोडून सहलींचे किंवा मालाचे काम पत्करले आहे, आणि त्यात त्यांचा शहाणपणा दिसतो.

कारण तासाला शंभर-सव्वाशे किलोमीटर जाणाऱ्या वाहनाला दिवसाकाठी फेऱ्या थोड्याच करता येतात, भांडवल मात्र विमानाइतकेच गुंतते. मुंबईहून पणजी हवेतून सुमारे चारशे किलोमीटर. शांत दिवशी ही नौका चार तासांत पोचवेल, पण समोरून ताशी पन्नास किलोमीटरचा वारा आला की तोच प्रवास दुप्पट. आणि जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर तिला बाहेर काढायचे कोणाच्या जबाबदारीवर, हा प्रश्न निराळाच. बेटांच्या समूहात, फियोर्डांच्या देशात, किंवा जेथे धावपट्टी बांधणे अशक्य आणि रस्ता बांधणे परवडत नाही अशा डोंगराळ भागात ती उपयोगी पडेल असा माझा होरा आहे. पवईच्या आयआयटीत हवेपेक्षा हलक्या यानांवर बरेच काम झालेले आहे आणि हिमालयाच्या प्रदेशासाठी अशा नौकांचा विचारही तेथे झालेला आहे. आपल्याकडे या विषयाची सुरुवात व्हायची असेल तर ती कोणाच्या जाहिरातीतून न होता अशाच अभ्यासातून व्हावी.

वाचकाला एकच विनंती आहे. यापुढे वृत्तपत्रांत एखाद्या नव्या वायुनौकेचे चित्र येईल, तिचा काचेचा तळ, दिवाणखाना आणि पलंग यांचे रसभरित वर्णन येईल. तेव्हा ते वाचण्याआधी तिची शेड कोठे आहे, तिचा वायू कोण पुरवणार, आणि प्रवासी उतरल्यावर तिचे वजन कशाने भरून काढणार, एवढे विचारून घ्यावे. या प्रश्नांचा खल ग्रंथकर्त्याने शेवटून दुसऱ्या प्रकरणात केला आहे, आणि ज्याला वेळ थोडा असेल त्याने वाचनाचा आरंभ तेथूनच केला तरी चालेल.